पाणी वळवायचं की चोरवाट बुजवायची?

प्रश्न: माझे वडील, अण्णा, वय ६६. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. प्रवरेच्या डाव्या कालव्यावर सारी नोकरी झाली. दारूला कधी शिवले नाहीत. वीस वर्षांपासून डायबेटिस आहे. तीन वर्षांपूर्वी लिव्हर सिरोसिस निघाला, फॅटी लिव्हरमुळे झाला असं डॉक्टर म्हणाले. गेल्या अडीच महिन्यांत दोनदा रक्तस्राव झाला. पहिल्यांदा पहाटे रक्ताची मोठी उलटी झाली. नाशिकला नेलं, जठरात वरच्या भागातल्या शिरा फुटल्या होत्या, दुर्बिणीतून ग्लू टाकला, चार पिशव्या रक्त चढवलं. पाच आठवड्यांनी संडासला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, हिमोग्लोबिन ६.८ वर आलं, परत ग्लू टाकला. आता पुण्याचे डॉक्टर ‘टिप्स’ करा म्हणतात, मुंबईचे ‘बीआरटीओ’ किंवा प्लग म्हणतात. भाऊ म्हणतो, दोन्ही नको, लागलं तर तिसऱ्यांदा ग्लू टाकू. नात्यातले एक जण म्हणाले की टिप्सनं माणूस भ्रमिष्ट होतो. रिपोर्ट सोबत पाठवते आहे. यातलं चांगलं कोणतं? अण्णा हल्ली दिवसा झोपतात आणि रात्री जागे असतात. खर्चाची वही रोज लिहायचे, त्यातले आकडे आता ओळ सोडून खाली जातात, पण ते वयानं असेल.
— एक मुलगी, संगमनेर तालुका

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. अण्णांच्या वहीतले आकडे ओळ सोडून खाली चाललेत. टिप्स (तुंबलेल्या रक्ताला नवी वाट काढणं) की बीआरटीओ (रक्ताची चोरवाट बुजवणं), या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथं मिळालं. पण त्याआधी तातडीचं बोलून घेऊ.

निर्णय व्हायच्या आत पुन्हा रक्त आलं तर पुण्या-मुंबईच्या रस्त्याला लागू नका. नाशिकला जिथं रात्रीही एन्डोस्कोपी होते आणि ग्लू टाकता येतो, तिथंच आधी पोचा. १०८ ला फोन करा. अण्णांना कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडानं काही देऊ नका, थंड दूधसुद्धा नाही. रुग्णालयात गेल्या गेल्या ‘यांना सिरोसिस आहे, जठरातल्या शिरा दोनदा फुटल्या आहेत’ हे पहिलं वाक्य सांगा, कारण त्यावर टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड हे शिरांमधला दाब उतरवणारं औषध आणि अँटिबायोटिक दुर्बीण घालण्याआधीच सुरू होतं. रक्त ते मोजूनच चढवतील, साधारण हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या मध्ये राहील इतकंच. नातेवाईक ‘अजून एक पिशवी द्या’ म्हणून मागे लागतात, ते करू नका. गरजेपेक्षा जास्त रक्त भरलं की त्या शिरांमधला दाब वाढतो आणि बंद झालेलं तोंड परत उघडू शकतं. आणि कंबर, गुडघे दुखले तरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घरात ठेवूच नका.

आता मूळ प्रश्न. मी लिव्हरचा डॉक्टर. टिप्स आणि बीआरटीओ मी स्वतःच्या हातानं करत नाही, ती इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टची कामं आहेत. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ते आतपर्यंत पोचतात. ते करून आलेले रुग्ण मात्र पुढची वर्षं माझ्याकडेच येत राहतात, त्यामुळे कोणत्या उपायाचं पुढं काय होतं ते मला रोज दिसतं. अण्णांना मी तपासलेलं नाही, तुमचे कागद मात्र दोनदा वाचलेत.

शरीरात काय घडलंय हे अण्णांना समजवायला फार कष्ट पडणार नाहीत. जन्म पाण्याच्या वाटा सांभाळण्यात गेला आहे. आतडी, जठर आणि प्लीहा यांचं सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या एका मोठ्या पाटातून लिव्हरकडे येतं. लिव्हर मऊ असलं की ते सहज मुरतं. सिरोसिसमध्ये लिव्हर दगडासारखं होतं, पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. तुंबलेलं पाणी भराव पोखरून वाट काढतंच. काही जणांत ते अन्ननलिकेच्या शिरांतून वर जातं. अण्णांच्या बाबतीत ते जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरांमध्ये शिरलंय आणि तिथून एका जाड चोरवाटेनं थेट डाव्या किडनीच्या शिरेत पडतंय. या चोरवाटेला गॅस्ट्रोरीनल शंट म्हणतात. जठराच्या घुमटात अशा शिरा असलेल्या दहांतल्या साधारण आठ जणांत ती सापडते. तुमच्या सीटी रिपोर्टवर ती १४ मिलीमीटर रुंद लिहिली आहे, म्हणजे करंगळीएवढी जाड. ही चांगलीच मोठी आहे.

तुमच्या एन्डोस्कोपी रिपोर्टवर ‘जीओव्ही २’ असं लिहिलंय, त्याचाही उलगडा करतो. जठरातल्या शिरांची ही वर्गवारी दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ मध्ये मांडली आणि आज जगभर तीच वापरतात. जीओव्ही २ म्हणजे अन्ननलिकेतून सुरू होऊन जठराच्या घुमटात गेलेल्या शिरा. या अन्ननलिकेतल्या शिरांपेक्षा कमी वेळा फुटतात, पण फुटल्या की नळ सोडल्यासारखं रक्त जातं. दुसरं म्हणजे, अन्ननलिकेतल्या शिरा सहसा पोर्टल व्हेन आणि लिव्हरच्या पलीकडच्या शिरा यांच्यातला दाबाचा फरक पाऱ्याच्या १२ मिलीमीटरच्या वर गेल्याशिवाय फुटत नाहीत. जठरातल्या मात्र त्याहून कमी दाबालाही फुटतात, कारण चोरवाटेनं दाब थोडा उतरलेला असतो, पण त्या शिरांतून वाहणारं रक्त प्रचंड असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, टिप्सच्या वेळी तो परत येणार आहे.

भावाचं म्हणणं आधी घेतो, कारण ते काही अडाणीपणाचं नाही. ग्लूनं अण्णांचा जीव दोनदा वाचवला आहे. फुटलेल्या शिरेत सायनोअ‍ॅक्रिलेट सोडलं की रक्ताला लागताच ते घट्ट होतं आणि तोंड बंद होतं. रक्त वाहत असताना, रात्री दोन वाजता, नाशिकमध्ये, याच्याइतका हाताशी असलेला उपाय दुसरा नाही. अडचण नंतरची आहे. ग्लू फुटलेल्या जागी बसतो, पण मागून येणारं पाणी आणि पुढची चोरवाट दोन्ही तशीच राहतात. तैवानमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून ग्लू आणि टिप्समध्ये विभागलं होतं. जठरातून पुन्हा रक्त गेलं ते ग्लूच्या गटात ३८ टक्के लोकांना, टिप्सच्या गटात ११ टक्के. चीनमध्ये ६४ रुग्णांवर ग्लू आणि बीआरटीओची अशीच तुलना झाली, तिथंही बीआरटीओनंतर पुन्हा रक्तस्राव स्पष्टपणे कमी होता. दोन्ही अभ्यासांत एकूण आयुष्यमानात मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं, कारण आयुष्य शेवटी लिव्हर किती उरलंय त्यावर ठरतं. पण पाच आठवड्यांत दोनदा फुटलेल्या शिरेवर तिसऱ्यांदा तोच भरवसा ठेवणं मला पटत नाही. त्यात १४ मिलीमीटरची चोरवाट उघडी असताना ग्लूचा तुकडा रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात जाण्याची धास्तीही जास्त असते. आजकाल काही ठिकाणी दुर्बिणीला सोनोग्राफी जोडून आधी शिरेत धातूची कॉइल बसवतात आणि मग ग्लू सोडतात, त्यात ही धास्ती कमी होते. जिथं रेडिओलॉजीची सोय नाही तिथं तो चांगला मधला मार्ग आहे. तुम्हाला दोन्ही सोयी उपलब्ध आहेत, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

टिप्स म्हणजे नवा चर खणणं. मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत उतरवतात, तिथून लिव्हरच्या मांसातून आरपार सुई घालून पोर्टल व्हेन गाठतात, वाट फुग्यानं रुंद करतात आणि आत आच्छादन असलेला ८ ते १० मिलीमीटरचा स्टेंट बसवतात. तुंबलेलं रक्त लिव्हरला वळसा घालून थेट हृदयाकडे निघून जातं. दाबाचा फरक १२ च्या खाली आणतात. माणसावर धातूचा स्टेंट घालून पहिली टिप्स १९८८ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला झाली. सुरुवातीचे उघड्या जाळीचे स्टेंट वर्षभरात बुजायचे, आच्छादित स्टेंट आल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला. टिप्सचं मोठं बळ हे की ती तुंबाऱ्यावरच घाव घालते. पोटात वारंवार पाणी होत असेल, अन्ननलिकेतल्या शिराही मोठ्या असतील, पोर्टल व्हेनमध्ये गुठळी धरायला लागली असेल, तर एका कामात या सगळ्यावर उपाय होतो. पुण्याच्या डॉक्टरांनी टिप्स सुचवली ती याच विचारानं असणार, आणि त्यात काही चूक नाही.

पण अण्णांची चोरवाट मोठी आहे, त्यामुळे दाब आधीच थोडा उतरलेला असू शकतो. अशा माणसात नुसता नवा चर खणला तरी जुन्या वाटेनं पाणी वाहतच राहू शकतं. म्हणून जठरातल्या शिरांसाठी टिप्स करायची असेल तर त्याच बैठकीत त्या शिरा कॉइलनं किंवा प्लगनं बंदही कराव्यात, असा माझा आग्रह असतो. पुण्याला तुम्ही एवढं नक्की विचारा: स्टेंटबरोबर शिरा बंद करणार का?

आता भ्रमिष्टपणाचं. तुमच्या नातेवाइकांनी ते जरा भडक सांगितलं, पण मुळात ते खरं आहे. आतड्यांतून येणारं रक्त अमोनियासारखी घाण घेऊन येतं, लिव्हर ती गाळतं. लिव्हरला वळसा घातला की ती न गाळता मेंदूपर्यंत पोचते. त्या तैवानच्या अभ्यासातच टिप्सच्या गटातल्या २६ टक्के लोकांना हा मेंदूचा त्रास झाला, ग्लूच्या गटात ३ टक्के. माझे एक रुग्ण गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. टिप्सनंतर रक्त पुन्हा कधी गेलं नाही, पोटातलं पाणी उतरलं, घरचे खूश. तीन महिन्यांनी ते माझ्यासमोर बसले आणि मी सवयीनं कागद पुढं करून त्यांना पाच टोकांची चांदणी काढायला सांगितली. त्यांनी पेन टेकवलं, एक रेघ ओढली, थांबले, दुसरी रेघ पहिलीपासून बोटभर दूर ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘झाली की.’ त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. लॅक्ट्युलोज आणि रिफॅक्सिमिन या अमोनिया कमी करणाऱ्या औषधांनी थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी त्या स्टेंटच्या आत दुसरा अरुंद स्टेंट घालून वाट बारीक करावी लागली, तेव्हा ते परत डेअरीचा हिशेब करू लागले. बहुतेकांवर एवढी वेळ येत नाही. औषधांवर भागतं. पण ज्याचा मेंदू आधीच डगमगतोय त्याच्यासाठी टिप्स हा जोखमीचा रस्ता आहे, आणि यावर लिव्हरच्या डॉक्टरांमध्ये फारसे मतभेद नाहीत.

अण्णांचा मेंदू आधीच डगमगतोय, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. दिवसा झोप, रात्री जाग, आकडे ओळ सोडून जाणं. हे ६६ व्या वर्षी वयानं होत नाही. हाच हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथीचा, म्हणजे लिव्हरमुळे होणाऱ्या त्या मेंदूच्या त्रासाचा, पहिला टप्पा असतो. आणि याचं एक कारण ती १४ मिलीमीटरची चोरवाटच असू शकते, कारण ती सुद्धा लिव्हरला वळसा घालूनच रक्त नेते. म्हणजे रक्तस्राव आणि विसराळूपणा या दोन तक्रारींचं मूळ एकच असण्याची बरीच शक्यता आहे. दोन्ही डॉक्टरांच्या कागदांवर ‘चाइल्ड-प्यू ८’ लिहिलंय. सिरोसिस किती पुढं गेलाय ते सांगणारे हे गुण, जितके जास्त तितकं वाईट. मी बेरीज करून पाहिली: बिलिरुबिन २.१ ला दोन, अल्ब्युमिन २.९ ला दोन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.५ ला एक, पोटात थोडं पाणी म्हणून दोन, आणि मेंदूला एक, म्हणजे ‘त्रास नाही’. ताई, तुम्ही त्यांना वहीचं सांगितलंच नाही, हो ना? तुमचा दोष नाही, घरोघरी हे वयाच्या खात्यावर टाकलं जातं. पण ते सांगितलं असतं तर तिथं दोन गुण पडले असते, आणि बेरीज ९ झाली असती. आकडा एकानंच वाढला, पण निवडीचं पारडं त्यानंच फिरतं.

बीआरटीओमध्ये चोरवाट उलट्या दिशेनं जाऊन बुजवतात. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून नळी डाव्या किडनीच्या शिरेत, तिथून शंटच्या तोंडाशी. तिथं फुगा फुगवून वाट अडवतात, रंग सोडून आतल्या शिरांचा नकाशा बघतात, बारीक गळतीच्या फांद्या असतील तर त्या कॉइलनं बंद करतात, आणि मग मागं साठलेल्या रक्तात शिरा सुकवणारं औषध भरतात. हे तंत्र जपानमध्ये रुजलं, १९९० च्या दशकात कानागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ते इथेनॉलअमाइन ओलिएट वापरत. आता पुष्कळ ठिकाणी सोडियम टेट्राडेसिल सल्फेटचा फेस करून घालतात, त्यात औषध कमी लागतं. जुन्या पद्धतीत फुगा काही तास, कधी रात्रभर फुगवून ठेवावा लागतो आणि रुग्णाला पाय न हलवता पडून राहावं लागतं. मध्येच फुगा फुटला तर औषध हृदय-फुप्फुसांकडे जाऊ शकतं, ही त्यातली मुख्य भीती. म्हणून कोरियातल्या डॉक्टरांनी फुग्याऐवजी कायमचा धातूचा प्लग बसवून मागं जिलेटिनचा स्पंज भरायला सुरुवात केली. त्याला पार्टो म्हणतात, २०१३ च्या सुमाराची ही गोष्ट. प्लगच्या जागी कॉइल वापरल्या की कार्टो. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘प्लग’ म्हटलं ते हेच. रात्रभर निश्चल पडून राहायची गरज उरत नाही, काम तासा-दोन तासांत होतं. जिथं हात बसलेला आहे तिथं मी पार्टोकडे झुकतो, पण चोरवाट प्लगच्या मापात बसते का, तिला वळण किती आहे, हे सीटी समोर ठेवून रेडिओलॉजिस्टनंच ठरवायचं. अनुभवी हातात नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा वाट बंद होते.

याचा फायदा तुमच्या लक्षात आलाच असेल. जे रक्त लिव्हरला चुकवून जात होतं ते परत लिव्हरकडे वळतं. बऱ्याच जणांचा मेंदू स्वच्छ होतो, काहींचं अल्ब्युमिन काही महिने सुधारतं. अण्णांसारख्या माणसात एका कामात रक्तस्राव आणि विसराळूपणा दोन्ही आवरण्याची शक्यता फक्त इथं आहे.

पण पाटकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: फुटलेली जागा बुजवली आणि पुढचं गेट बंदच राहिलं, तर पाण्याची पातळी वाढणारच. चोरवाट बंद झाली की पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो. मग पोटात पाणी वाढू शकतं, छातीत पाणी होऊ शकतं, आणि अन्ननलिकेतल्या लहान शिरा मोठ्या होऊ शकतात. अण्णांच्या अन्ननलिकेत लहान शिरा आहेतच आणि पोटात थोडं पाणीही आहे. बीआरटीओनंतर रक्त गेलं तर ते बहुधा वरून, अन्ननलिकेतून जाईल. त्या शिरांना रबरी बँड लावता येतात आणि तो उपाय सोपा, भरवशाचा आहे. म्हणून माझी अट अशी असते: प्रक्रियेच्या आधी ताजी एन्डोस्कोपी, शिरा बँड लावण्याजोग्या झाल्या असतील तर आधी ते, आणि नंतर काही आठवड्यांनी परत एकदा बघायचं. ही नंतरची एन्डोस्कोपीच लोक चुकवतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणतात आणि आठ महिन्यांनी रक्ताची उलटी घेऊन येतात. पोटातल्या पाण्यासाठी जेवणातलं मीठ कमी करणं आणि लघवीच्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांनी नव्यानं बसवणं. प्रक्रियेनंतर दोन-चार दिवस ताप, पोट किंवा पाठ दुखणं, औषध ओलिएट असेल तर लाल लघवी, हे होतं, त्यानं घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: समोर आलेल्या कागदांवरून अण्णांसाठी मी चोरवाट बुजवण्याच्या बाजूचा आहे, शक्य असेल तर प्लगनं. टिप्स विरुद्ध बीआरटीओ अशा थेट तुलना बहुतेक जुन्या नोंदी मागे वळून पाहून केलेल्या आहेत, त्यांचा कल जठरातून पुन्हा रक्त जाणं आणि मेंदूचा त्रास या दोन्हींत बीआरटीओच्या बाजूनं आहे. पण माझा कौल त्या नोंदींवर नाही, अण्णांच्या वहीवर आणि त्या १४ मिलीमीटरवर आहे. चोरवाट नसती तर बीआरटीओचा विषयच नव्हता. मेंदू ठणठणीत असता आणि दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागत असतं, तर मी पुण्याच्या डॉक्टरांच्या शेजारी उभा राहिलो असतो. ताज्या तपासणीत पोर्टल व्हेनमध्ये गुठळी निघाली, अन्ननलिकेतल्या शिरा अचानक मोठ्या झालेल्या दिसल्या, किंवा पाणी भराभर वाढलं, तर मीही मत बदलेन. सीटीवर प्लीहेची शीर मोकळी आहे ना, आणि लिव्हरमध्ये गाठ नाही ना, हेही वाचून घ्या. प्लीहेची शीरच बंद असेल तर सगळं गणित वेगळं होतं, तिथं टिप्सचा उपयोग होत नाही.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगायला संकोचू नका. चांगले डॉक्टर यात अपमान मानत नाहीत. टिप्सकडेच जायचं ठरलं तर आधी हृदयाची टू-डी इको झालीच पाहिजे, कारण एवढं रक्त एकदम हृदयावर येणार असतं. आणि कुठलाही उपाय केला तरी सिरोसिस तसाच राहणार आहे. अण्णांचा मेल्ड स्कोअर, म्हणजे प्रत्यारोपणाची निकड मोजणारा आकडा, मी काढला, तो १४ च्या आसपास येतो. प्रत्यारोपण उद्याच करा असं म्हणत नाही, पण प्रत्यारोपणाच्या टीमला एकदा दाखवून नाव ओळखीचं करून ठेवा. या दोन्ही प्रक्रियांनी पुढच्या प्रत्यारोपणाची वाट बंद होत नाही, फक्त स्टेंट घालताना त्याची टोकं फार पुढं-मागं जाऊ नयेत हे टीमला आधी माहीत असलेलं बरं.

खर्चाबद्दल. टिप्समध्ये मोठा वाटा त्या आच्छादित स्टेंटचा असतो, पार्टोमध्ये प्लगचा. फुग्याच्या बीआरटीओत औषध स्वस्त पडतं, पण अतिदक्षता विभागाचा मुक्काम वाढू शकतो. लेखी अंदाजपत्रक मागा, त्यात प्लग किंवा स्टेंटची किंमत वेगळी लिहून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का आणि ही प्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, ते तिथल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा, तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नका. भावाला हेही सांगा की तिसऱ्या रक्तस्रावात अतिदक्षता विभाग, रक्त आणि ग्लू यांचा खर्च तर येतोच, आणि प्रत्येक वेळी लिव्हरची थोडी ताकद जाते, ती पैशांनी परत येत नाही.

तोवर घरी करण्यासारखं. लॅक्ट्युलोज सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकंच प्रमाण ठेवायचं, जुलाब नकोत. झोपेच्या गोळ्या नकोत. डाळ, अंडी, पनीर बंद करू नका. ‘लिव्हरला प्रोटीन जड’ म्हणून अण्णांना नुसत्या पेजेवर ठेवलं असेल तर आजच थांबवा, स्नायू झिजले की मेंदूचा त्रास वाढतोच. रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, पोट फार वेळ रिकामं ठेवू नका. शिरांमधला दाब कमी ठेवणारी प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका. अण्णा अजून मोटारसायकलवर शेताकडे जात असतील, तर किल्ली काढून घ्या. रुसतील, रुसू द्या.

आणि शेजारीपाजारी ‘लपून पीत असतील’ असं म्हणत असतील, म्हणजे तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण ‘दारूला कधी शिवले नाहीत’ हे वाक्य तुम्ही अगदी वर लिहिलंत त्यावरून मला कळलं. डायबेटिस आणि फॅटी लिव्हरमधून सिरोसिस झालेले कितीतरी लोक माझ्या बाकावर रोज बसतात, आयुष्यात थेंब न घेतलेले. अण्णांना हे माझ्या नावानं वाचून दाखवा.

पुढच्या भेटीआधी घरी एक करा. अण्णांना म्हणा, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा, आणि मोजा. दहाच्या आत अडकले तर तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. दोन्ही हात पुढं करून पंजे ट्रॅफिक पोलिसासारखे उभे धरायला सांगा, पंजे पंख फडफडल्यासारखे खाली पडतात का बघा. आणि ती खर्चाची वही सोबत न्या. दोन वर्षांपूर्वीचं एखादं पान आणि गेल्या आठवड्यातलं एक पान, खुणेला कागद घालून ठेवा, आणि मुंबईला, पुण्याला, दोन्हीकडे रिपोर्टच्या आधी तीच दोन पानं टेबलावर ठेवा.